शिंकांचा हिशेब

पोळ्याच्या सुमारास जळगाव-धुळ्याकडच्या आपल्या वस्त्यांत सकाळी शिंका सुरू होतात. पोरांचे डोळे चोळून चोळून लाल, रात्री छातीत घरघर. कोणी नजर काढते, कोणी दही बंद करते. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकविले. तेव्हा आपणही आधी कारण मोजू या.

आम्ही कारकून माणसे, आम्हाला वहीशिवाय सुचत नाही. जुन्या वहीत पंधरा दिवस लिहा: शिंका कधी आल्या, कुठे आल्या, त्या दिवशी झाडलोट, पाऊस, शेतातले काम काय होते. काचेच्या तुकड्यावर व्हॅसलिनचा पातळ थर देऊन ती दिवसभर खिडकीत ठेवा. आपण श्वासातून काय घेतो, ते तिच्यावर चिकटलेले दिसेल. परागकण मोजणारे अशीच काच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात.

मोठा गुन्हेगार गाजर गवत. 1955 साली पुण्यात त्याची नोंद झाली. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानतात. नाल्याकाठी, रुळांलगत, पडीक जागेत ते माजते, म्हणजे नेमके आपल्या घरांपाशी. एकेक झाड हजारो बिया टाकते. पराग नाकात गेले की शिंका नि दमा, अंगाला लागले की खाज आणि चट्टे. रोजंदारीवर निंदणाऱ्या आपल्या आयाबहिणी ते उघड्या हातांनी उपटतात! मालकाकडे हातमोजे मागा, तोवर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. फुलोऱ्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. मोकळ्या जागी टाकळा पेरला तर हे गवत दबते. वस्तीतल्या दहा जणांच्या सह्यांचा अर्ज महापालिकेत द्या आणि पोच घ्या, पोचेशिवाय अर्ज हरवतात.

घरातला चोर गोधडीत. डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे आपल्याच कातडीच्या कोंड्यावर जगतात, पावसाळी दमट हवेत वाढतात. गोधडी कढत पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावी. खान्देशात उन्हाला तोटा नाही. कोरडे झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे.

आता रागावू नका. वंदनेला एका खोलीत अर्धा पुडा अगरबत्ती जाळू नये. एक पुरे, तीही खिडकी उघडून, दमेकऱ्याच्या घरी मेणबत्तीवरच भागवावे. डासांची कॉइल तर त्याहून वाईट. एका कॉइलच्या धुरात 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक कण असतात, असे 2003 च्या एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी बरी.

आणि डॉक्टरांनी पंप दिला तर 'सवय लागते' म्हणून तो फडताळात टाकू नका. सवय लागत नाही. औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा कमी मात्रेत काम होते.