औषधाचा भाव आणि औषधदान

परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावात मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणारा रुग्ण छापील किंमत अंतिम मानतो. वस्तुतः २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते ती केवळ कमाल मर्यादा: किमान १ टक्का बाजारहिस्सा असलेल्या उत्पादनांच्या विक्रेत्यास पडणाऱ्या दरांची सरासरी, अधिक १६ टक्के नफा, त्यावर जीएसटी. जेनेरिक गोळी दुकानदारास पुष्कळदा याहून फारच स्वस्त पडते. ती तफावत गल्ल्यात राहावी की रुग्णाच्या पदरी पडावी, हे कायदा सांगत नाही. न परवडल्याने रुग्ण गोळी दिवसाआड घेतो, तेव्हा आजार मात्र रोज वाढतो. चतुर्विध दानांत औषधदान गणणाऱ्या व्यापाऱ्याने निदान रास्त भाव तरी लावावा.