वायगाव हळदीचे बेणे, पद्धत आणि नाव सुरक्षित ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वर्धा
प्रत माहितीसाठी : प्रकल्प संचालक, कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा (आत्मा), वर्धा

विषय : मोठ्या कंपनीशी भागीदारी करताना वायगाव हळद उत्पादकांच्या हक्कांचे संरक्षण

महोदय,

आम्ही समुद्रपूर तालुक्यातील हळद उत्पादक शेतकरी. वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. सध्या एका मोठ्या मसाला कंपनीने भागीदारीचा मसुदा दिला आहे. भाव बरा आहे. अडचण आतल्या कलमांची आहे.

मसुदा इंग्रजीत आहे. चाचणीसाठी आम्ही बेणे द्यायचे, हळद शिजवण्या-वाळवण्याची पद्धत लिहून द्यायची आणि त्यातून कंपनी जे विकसित करील त्यावर हक्क एकट्या कंपनीचा. ‘वायगाव’ शब्द असलेले व्यापारचिन्हही ती स्वतःच्या नावे नोंदवणार. १९९९ च्या कायद्याप्रमाणे भौगोलिक मानांकनाचा हक्क विकता, गहाण ठेवता किंवा परवान्याने देता येत नाही. म्हणजे नावाला तरी कायद्याचा आधार आहे. बेणे आणि पद्धत मात्र त्या आधाराबाहेर राहतात. तिथे करारात लिहिले असेल तेवढेच आमचे.

बेणे हातातून गेले की काय होते, ते आम्ही जवळच पाहिले आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी एचएमटी तांदळाचे वाण निवडले. वाण दूरदूर गेले, व्यापाराचा फायदा त्यांच्या घरी आला नाही. उलट, लेखी नोंद असली की काय साधते, ते हळदीनेच दाखवले आहे. जखम भरून आणण्याच्या तिच्या गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लिखित पुरावे मांडले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. आजीच्या नुसत्या सांगण्याने ते झाले नसते.

म्हणून मागणी अशी की, करार मराठीत मिळावा आणि सहीपूर्वी बौद्धिक संपदेचा जाणकार वकील प्रशासनाने उपलब्ध करून द्यावा. बेणे किंवा पद्धत दाखवण्याआधी गोपनीयता करार व्हावा. बेण्याची मोजून पावती मिळावी, ते केवळ चाचणीसाठी वापरावे आणि उरलेले परत करावे. संयुक्त संशोधनात आमचा वाटा टक्केवारीत लिहावा. व्यापारचिन्हाचे कलम वगळावे. सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने आमच्या पद्धतीची दिनांकासह नोंद व्हावी, वाण व शेतकरी हक्क संरक्षणाच्या २००१ च्या कायद्याखाली आमच्या बेण्याची शेतकरी वाण म्हणून नोंदणी शक्य आहे का ते तपासावे आणि मानांकनाच्या अधिकृत वापरकर्ता नोंदणीचे शिबिर वायगावातच घ्यावे.

भागीदारीला आमचा विरोध नाही. कंपनीने दिलेली मुदत संपण्यापूर्वी आपल्या दालनात बैठक लावावी आणि कंपनीच्या प्रतिनिधींनाही बोलवावे, ही विनंती.

आपले विनीत,
वायगाव हळद उत्पादक शेतकरी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा
(सह्या सोबत)

सोबत : कराराच्या मसुद्याची प्रत