दासगाव ते वणंद : सायकलवरून बाबासाहेबांच्या कोकणात



आपल्या घरात सायकल आली ती कामासाठी. दुधाच्या किटल्या, गिरणीचे दळण, शेतावरची वैरण, पोरांची शाळा. सगळे त्या दोन चाकांवर चालले. सायकल काढून चार दिवस प्रवासाला जावे, समुद्र पाहून यावे, हे काही आपल्या मनात येत नाही. तो शौक पैसेवाल्यांचा, असे आपण धरून चालतो.

जगात मात्र समुद्रकाठच्या डोंगराळ रस्त्यांवर सायकल चालवायला लोक दूरदूरहून जातात. आयर्लंड देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराच्या कडेने सुमारे २५०० किलोमीटरचा रस्ता आहे. २०१४ साली तो प्रवाशांसाठी एका नावाखाली जोडला गेला. त्याच भागात १८४० नंतरच्या मोठ्या दुष्काळात सरकारने उपाशी मजुरांकडून खडी फोडून घेऊन रस्ते बांधले होते. हे वाचल्यावर बीड जिल्ह्यातल्या माणसाला १९७२ आठवल्याशिवाय राहणार नाही. आपल्या आई-वडिलांनी सुकडी खाऊन दुष्काळी कामावर खडी फोडली, तेव्हा आपल्याकडचे कितीतरी रस्ते झाले. ज्यांनी खडी फोडली त्यांच्या लेकरांनी त्या रस्त्यावरून फक्त कामालाच जावे, असा नियम कुणी केला?

आपल्या महाराष्ट्रालाही तसाच खडबडीत, डोंगराळ किनारा आहे. त्या किनाऱ्याच्या एका तुकड्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आहे, रमाईचे माहेर आहे आणि महाडचे चवदार तळे आहे. साध्या काळ्या सायकलवर चार-पाच दिवसांत हा प्रवास होतो. तो कसा करावा, ते आज सांगतो.

सुरुवात दासगावपासून करावी. सावित्री नदीच्या खाडीवरचे हे जुने बंदर. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरची नेहमीची वाट त्यांनी टाळली. त्या वाटेवर मोटारवाले आयत्या वेळी नकार देतील, अशी शंका होती. म्हणून २४ डिसेंबरला ते सत्याग्रहींसह ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. तिथून महाडपर्यंतचे पाच मैल सगळे मिरवणुकीने चालत गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हे पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. सायकलवर तासाभराचेही काम नाही. पण आता हा मुंबई-गोवा महामार्ग आहे, अवजड गाड्यांची ये-जा असते. पहाटे उजाडताच निघावे, डाव्या कडेने एकामागे एक चालावे. वाटेत महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. सायकली खाली लावून पायऱ्या चढून जाव्यात.

महाडला चवदार तळ्यावर मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे खुले असल्याचे ठरवले. म्हणजे कागदावर तळे उघडलेच होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाच्या ओंजळीत ते पाणी आले नव्हते. बाबासाहेब तिथवर चालत गेले, पाणी प्याले, तेव्हा तो हक्क खरा झाला. कोर्टकचेरी पुढे १९३७ पर्यंत चालली, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळ्याचे जे, तेच रस्त्याचे. वापरला तर हक्क, नाही तर नुसता कागद. आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या रस्त्यावरून पायात चप्पल घालून जायची बंदी होती, हे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी महाडहून म्हाप्रळचा रस्ता धरावा. वाटेत रावढळ लागते. गोपाळबाबा वलंगकरांचे हे गाव. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला शास्त्राधार मागितला. बाबासाहेबांच्या जन्माच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट.

म्हाप्रळ सोडले की मंडणगड तालुक्याचे चढ सुरू होतात. कोकणचा रस्ता कसा असतो, हे इथे नीट समजून घ्यावे. आपल्याकडे एक घाट चढला की पुढे पठार लागते. तिकडे तसे नाही. रस्ता खाडीच्या पाण्याजवळ उतरतो, मग जांभा दगडाच्या सड्यावर चढतो, पुन्हा पुढच्या खाडीला उतरतो. एक चढ फार मोठा नसतो, पण दिवसाकाठी असे अनेक येतात. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून माणूस लवकर थकतो. चढावर सायकल हाती धरून चालण्यात कमीपणा नाही.

मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. शाळेत त्यांचे आडनाव आधी या गावावरूनच लागले होते. २०२२ साली तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद या गावी येऊन गेले. आपणही जावे, गावकऱ्यांशी बोलावे. दर्शन घेऊन फोटो काढला की झाले, असे करू नये.

मंडणगडहून दापोली सरळ रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर. अंगात दम असेल तर केळशीला उतरून आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै असा समुद्राच्या कडेचा रस्ता घ्यावा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला खडकांवर आपटणारा समुद्र. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. हर्णैहून दापोली पंधरा-सोळा किलोमीटर, बरीचशी चढाची.

रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीला राहिले. लहान भीमाने पहिली अक्षरे इथेच गिरवली. जवळच वणंद, रमाईचे माहेर. रमाईचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून मासळीच्या टोपल्या वाहून बाजारात पोचवत. दाभोळ ते दापोली सुमारे २८ किलोमीटर, आणि मध्ये चढउतार. आपण मोकळ्या हाताने सायकल चालवून धापा टाकतो. त्या बापाच्या डोक्यावर ओली टोपली होती. शेवटच्या दिवशी दाभोळपर्यंत जाऊन हा रस्ता पायाखालून घालावा. रमाई कोणत्या कष्टाच्या घरातून आली, ते पुस्तकाच्या ओळीपेक्षा हा चढ अधिक नीट सांगतो. एक दिवस जास्तीचा असेल तर दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. त्यांतली जुनी लेणी बौद्ध आहेत.

आता तयारी. बीडकरांना सरावासाठी मांजरसुंब्याचा घाट आहे, धारूरकडच्यांना धारूरचा. दीड महिना आधीपासून आठवड्यात तीन दिवस सायकल चालवावी आणि रविवारी घाट चढावा. ज्याला हा घाट दोनदा चढता येतो, त्याला कोकण जड नाही.

गिअरची महागडी सायकल नको. मात्र ब्रेकचे रबर नवे घालावे, टायर झिजलेले नकोत, साखळीला तेल द्यावे. दोन ट्यूब, पंक्चरचे सामान, पाने आणि पंप गटात असावा. लांब उतारावर दोन्ही ब्रेक थोडे-थोडे दाबत यावे. पुढचा एकदम दाबला तर माणूस उलटा पडतो. फार उभा उतार असेल तर खाली उतरावे. खाऱ्या हवेने लोखंड गंजते, म्हणून घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यावे. खायला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. पाण्यात मीठ, साखर, लिंबू घालून घोट-घोट पीत राहावे.

बीडहून महाड साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दहा-बारा जणांनी वर्गणी करून टेम्पोत सायकली टाकाव्यात. पावसाळ्यात कोकणात जाऊच नये. २० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडला मोठी गर्दी असते, ते दिवस सायकलचे नव्हेत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघून ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, वणंदला पोचणे उत्तम. पण ज्या घरचा कोयता कारखान्यावर गेलेला असतो, त्यांना फेब्रुवारी कसा जमणार? त्यांच्यासाठी ऑक्टोबरअखेरचे दिवस आहेत, पाऊस सरल्यावर आणि मुकादमाची गाडी येण्याआधी.

शेवटी एक आग्रहाची विनंती. गट ठरवताना फक्त पोरांची नावे लिहू नका. गावची शाळा सातवीला संपते, पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर असते, आणि ‘पोरगी एकटी कशी जाईल’ म्हणून तिचे दप्तर खुंटीला लागते. मग वर्ष-दोन वर्षांत लग्न, आणि आईच्या मागे तीही फडात. ज्या मुलीने दाभोळचा चढ सायकलने पार केला, तिला शेजारच्या गावची शाळा लांब वाटणार नाही. आणि तिला जाताना पाहिलेल्या बापालाही वाटणार नाही. आई, मावशी, वहिनी यांनीही सोबत यावे. ज्यांना सायकल येत नाही त्यांनी टेम्पोत बसावे, चूल सांभाळायला नव्हे, रस्ता पाहायला.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर हा विषय काढा. वही घ्या, नावे लिहा, आणि पहिले नाव मुलीचे लिहा.

जय भीम!