साठीनंतरचे दोन तास

‘त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात,’ असं कुणाबद्दल सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे पर्मनंट नाहीत होय?’ आणि शिकवणारी बाई साठीची असेल तर, ‘आता कशाला ही दगदग?’

माझ्या माहितीतल्या एका बाईंना हे नेहमी ऐकावं लागतं. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात त्यांनी हिशेब लिहिले, मग पतसंस्थेत नोकरी केली. मिस्टरांच्या बदलीमुळे साताऱ्याला आल्यावर शिवणक्लास चालवला, बचत गटांची दप्तरं तपासली. मधेच एम.कॉम. केलं. आता आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात मुलींना हिशेब शिकवतात. नातेवाईक म्हणतात, ‘यांचा कुठंच जम बसला नाही.’ मला नेमकं उलट वाटतं. ‘बुडीत येणं’ पुस्तकात चार ओळींत संपतं. गटातल्या बाईचा हप्ता सासूच्या दवाखान्यापायी कसा थकतो, हे त्या सांगतात तेव्हा पोरींना ते आयुष्यभर लक्षात राहतं.

आपल्याच भागात बघा ना. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत शिक्षक होते. मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग नांगर, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. 1919 मध्ये काले गावी ‘रयत’ सुरू झाली, तेव्हा गावोगावची ती पायपीट वाया गेली नव्हती. त्यांना कुणी ‘जम बसला नाही’ म्हणत नाही. बाईनं चार कामं केली की मात्र ती धरसोड!

विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट काढली. आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षं नावाजलेलं काम केलेली व्यक्ती ठरावीक पदवीशिवायही शिकवू शकते. चांगलंच आहे. पण डोळ्यांसमोर येतो तो बड्या कंपनीतला साहेब. संसार सांभाळून तुकड्यातुकड्यानं केलेली बाईची वर्षं कोण मोजणार?

पैशाचंही बोलू या. याच आयोगानं 2019 मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1500 रुपये, महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं सुचवलं. लहान गावांत हातात पडतं ते त्याहून बरंच कमी. सुट्टी लागली की मानधन बंद. या बाईंना एका ठिकाणी सहा महिने थांबावं लागलं. ‘तुम्हाला काय, वेळ जायला येता,’ हे वर! वेळ घालवायला कुणी रात्री जागून तासाची तयारी करतं का?

यावर एक रास्त प्रश्न येईल. नेट-सेट झालेल्या तरुण मुली घरी बसल्यात, मग निवृत्तांना तास कशाला? खरं आहे. मंजूर जागा कायमस्वरूपी भरायलाच हव्यात आणि त्या तरुणांनाच मिळाव्यात. निवृत्तांनी स्वस्तातली भरती होऊ नये. पण पाककृतीचा धंदा, दुकानाचा हिशेब, रुग्णसेवा असे कामातून येणारे विषय शिकवायला अनुभवी माणूस जोडीला हवाच, आणि तोही वेळेवर, पुरेशा मानधनावर.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावच्या कॉलेजात अशा कुणी बाई असतील तर ‘अजून काम करता?’ विचारू नका. ‘काय शिकवता?’ ते विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या गाठीला अशी चार कामं असतील, तर ती एका कागदावर मांडा आणि प्राचार्यांना जाऊन भेटा. मानधनाचं मात्र आधी लेखी घ्या हं!