चौकीत कोणी आहे का?

२७ जून २०२३ रोजी पुण्यात सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. तिला वाचवलं ते वाटेने जाणाऱ्या पोरांनी. पेरूगेट पोलीस चौकी तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे त्या वेळी चौकीत हजर नसल्याबद्दल तीन पोलीस निलंबित झाले.

निलंबनाने प्रश्न मिटला, असं आम्हाला वाटत नाही. २०२४ मध्ये खराडी, वाघोली, बाणेरसह शहराला सात नवी पोलीस ठाणी मिळाली. ती हवीच होती. पण सामान्य माणसाला पोलीस भेटतो तो चौकीत, आणि बंदोबस्ताला माणसं कमी पडली की आधी चौकीच रिकामी होते.

पोलीस आणि लोकांमधल्या संवादाचंही तसंच. आपल्याकडे शांतता समिती आठवते ती गणपती जवळ आले की. सत्कार, चहा, मिरवणुकीच्या वेळेवरून थोडी वादावादी, आणि मग वर्षभर सामसूम! भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढारी थोडे आणि साधी माणसं जास्त होती. पोलीस त्यांच्यात नियमित बसत. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पुण्याला याहून वेगळी योजना शोधायची गरज नाही.

वाचकहो, या महिन्यात तक्रार नसतानाही आपल्या चौकीत जाऊन या. बीट अंमलदाराचं नाव विचारून घ्या. चौकीला कुलूप दिसलं, तर वरिष्ठ निरीक्षकांना लेखी कळवा आणि पोच घ्या.