आधी हेब्बाळ, मग इन्स्टाग्राम

नवरात्र संपलं की बंगळुरूच्या हेब्बाळ, केंपापुरा, सहकारनगर भागातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उटण्याच्या जाहिराती सुरू होतात. सोनेरी अक्षरं, पणती, कमळ आणि खाली ‘घरगुती, शुद्ध, आयुर्वेदिक’. चौघींच्या जाहिराती एकाखाली एक ठेवल्या तर कुठलं उटणं कोणाचं ते ओळखू येत नाही, कारण सगळ्यांनी एकाच ॲपमधलं एकच डिझाइन उचललेलं असतं. दिवाळी झाली की मग तक्रार ऐकू येते. इन्स्टाग्रामवर फॉलोअर वाढत नाहीत, रील चालत नाही, मार्केटिंगवाल्याला पैसे द्यावेत का?

इतक्यात नका देऊ. उटणं, साबण, केसांचं तेल, लिप बाम असं काही करून विकणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, की फॉलोअर मोजायचं सोडा आणि दुसऱ्यांदा मागायला आलेली गिऱ्हाइकं मोजा. एक वही ठेवा. नाव, काय घेतलं, कधी घेतलं, परत कधी घेतलं. ज्यांनी वापरून परत मागितलं ती माणसं पंचवीस असली तरी तुमचा धंदा उभा आहे, आणि मोबाइलवर जे काही करायचं ते आधी त्यांच्यासाठी. हजार अनोळखी अंगठ्यांनी दुकानाचं भाडं निघत नाही.

केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये मुंबईत परळला विको सुरू केली, तेव्हा माल दारोदार फिरून विकला गेला. दूरदर्शनवर ‘ये जो है जिंदगी’ प्रायोजित करून विको देशभर पोचली ती १९८४ मध्ये. तोवर माल लोकांच्या हातात तीस वर्षं होता. तुम्हाला तीस वर्षं थांबायला नको, फोनने ते अंतर फारच कमी केलंय. पण क्रम उलटा करू नका.

दारोदार फिरण्याचं आजचं काम व्हॉट्सॲप करतं. त्याचं बिझनेस ॲप फुकट आहे, त्यात किमतींसह कॅटलॉग लावता येतो. ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. बऱ्याच जणींना ही अडचण वाटते, मला ती सोय वाटते. पुडी हातात देतानाच सांगा, ‘नंबर सेव्ह करा, पुढचा घाणा झाला की कळवेन.’ जी सेव्ह करते ती खरं गिऱ्हाईक. बाकीच्यांना रोज सकाळी शुभप्रभातचं फूल पाठवून काही होत नाही, म्यूट मात्र होतं.

इथे राहून फक्त मराठी माणसांना विकायचं ठरवलं तर गिऱ्हाईक फार लवकर संपतं. गांधीनगरचं महाराष्ट्र मंडळ आणि दोन-चार ग्रुप झाले की पुढे कोण? तुमच्या मजल्यावरच्या कन्नड घरातही नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून न्हाणं असतं. मान्यता टेक पार्कला जाणारी लखनौची मुलगी ‘उबटन’ म्हटलं की लगेच ओळखते. म्हणून जाहिरातीच्या ओळी दोन-तीन भाषांत लिहा, आणि कन्नड ओळ ॲपकडून करून घेऊ नका, शेजारच्या आंटींकडून घ्या. त्या ती लिहून देतील आणि बहुधा एक पुडीही घेतील.

आता रील. त्यात काय दाखवायचं हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि उत्तर समोरच्या वाटीत असतं. सकाळी गॅलरीत ऊन येतं तेव्हा परातीत नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या, सुकवलेली संत्र्याची साल वेगवेगळी ठेवा. प्रत्येक बोटाने दाखवा, नाव सांगा, कुठून आणली ते सांगा. मग पितळी वाटीत दोन चमचे उटणं घेऊन दूध घाला. पहिल्या थेंबाला पीठ वर तरंगतं, गाठी होतात, त्या बोटाने मोडाव्या लागतात. ते कापू नका. बाईला नेमकं तेच बघायचं असतं, की हे भरड आहे का मऊ, अंगावर घासलं जाईल का टोचेल. मागे गाणं नको, तुमचा आवाज हवा. आणि चेहऱ्यावर फिल्टर तर अजिबात नको. त्वचेचा माल विकायचा आणि त्वचा खोटी दाखवायची, याला काय म्हणावं?

जयपूरच्या दोन भावांनी २०२० मध्ये मिनिमलिस्ट ही त्वचेच्या प्रसाधनांची कंपनी काढली. बाटलीवर कुठला घटक किती टक्के आहे ते ठळक छापलं आणि तेच ऑनलाइन समजावून सांगत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने त्यातला ९०.५ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. सगळ्यांचं असं होत नाही, हे उघड आहे. पण घटक सांगायला पैसे पडत नाहीत. उलट इथे यशवंतपूरजवळ कारखाना असलेल्या म्हैसूर सँडल साबणाच्या सरकारी कंपनीने २०२५ मध्ये नटी तमन्ना भाटियाला जाहिरातीसाठी दोन वर्षं ६.२० कोटी रुपयांना घेतलं, त्यावर कर्नाटकात केवढा गदारोळ झाला. १९१६ पासूनचं नाव आहे, त्यांना ते परवडतं. तुम्हाला नटी नको, नटीची नक्कलही नको.

एका बाबतीत मात्र मी कडक बोलणार आहे. ‘सात दिवसांत गोरेपणा’ लिहू नका. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये आपल्या नावातून ‘फेअर’ काढून टाकलं, आणि आपण अजून तोच शब्द कवटाळून बसलोय. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींना, आई आणि दोन मुलींना, चेहरा उजळायचं क्रीम लावून मूत्रपिंडाचा आजार झाला. क्रीममध्ये पारा निघाला. ते ब्यूटीशियनकडून, ओळखीतून आलेलं क्रीम होतं. म्हणजे ओळखीचा माल चांगलाच असतो असं नाही, आणि गिऱ्हाइकाने तुम्हाला प्रश्न विचारले तर रागावू नका. ‘केमिकल-फ्री’ही लिहू नका. पाणीसुद्धा केमिकलच आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो कायदा छोटा-मोठा बघत नाही. एखाद्या इन्फ्लुएन्सरला फुकट डबा पाठवला असेल तरी तिने ही जाहिरात आहे असं पोस्टवर स्पष्ट लिहायला हवं. पैसे दिले नाहीत म्हणून सुटका नाही.

परवान्याचं तर रील काढण्याआधीच बघा. सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठी बनवायचं तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या औषध नियंत्रण खात्याचा परवाना लागतो. ‘आयुर्वेदिक’ औषध म्हणून विकायचं तर आयुष खात्याचा परवाना वेगळा. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तो मिळत नाही. स्वतःची जागा नसेल तर परवाना असलेल्या कारखान्याकडून आपल्या कृतीने माल करून घ्या. पुडीवर घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कधीपर्यंत वापरावं, वजन, किंमत, पत्ता आणि तक्रारीचा नंबर छापा. त्या लेबलचा जवळून काढलेला फोटो हीच तुमची पहिली पोस्ट असू दे.

जाहिरातीला पैसे घालायचेच असतील तर आपोआप फॉरवर्ड होत असलेल्या रीलवरच घाला, न चालणाऱ्या रीलला पैशाने ढकलू नका. नकाशावर पिन टाकून हेब्बाळच्या आसपासचेच मोजके किलोमीटर निवडता येतात. फ्लायओव्हर ओलांडून संध्याकाळी सहाला डिलिव्हरी करून बघा, म्हणजे तसं का निवडायचं ते कळेल. आणि पुण्याच्या मावसबहिणीच्या मैत्रिणींनी ऑर्डरी दिल्या म्हणून हुरळून जाण्याआधी सीएला विचारा. कर्नाटकातून महाराष्ट्रात असा माल विकला की उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते.

एक दिवस कोणीतरी कमेंटमध्ये लिहील की तुमच्या उटण्याने मानेवर पुरळ आलं. ती कमेंट उडवू नका. तिथेच, सगळ्यांसमोर उत्तर द्या: वापरणं थांबवा, डॉक्टरांना दाखवा, पुडीवरचा बॅच नंबर सांगा, पैसे परत करते. मग वही उघडून त्या बॅचमधल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करा.