दुखतो जबडा, झिजवतात दात

दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट टेकवा आणि तोंड सावकाश उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं, तो जबड्याचा सांधा. हा आधी जागच्या जागी फिरतो, मग पुढे घसरतो, आणि मधली तंतुमय चकतीही त्याच्याबरोबर सरकते. खालचा जबडा हे एकच हाड. त्यामुळे डावा सांधा हलला की उजव्यालाही हलावं लागतं.

दुखणं कानाजवळ, म्हणून रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातो. कान चांगला निघतो. मग पाळी दातांची. चांगल्या दाढेचं रूट कॅनाल होतं, अक्कलदाढ निघते आणि कधीकधी ‘वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत’ म्हणून ते झिजवले जातात. या शेवटच्या उपायाला माझा ठाम विरोध आहे. मागच्या दाढा गेल्या की सांध्यावर दाब येतो आणि कान-जबडा दुखतो, असं 1934 साली जेम्स कॉस्टन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञाने मांडलं. दातांच्या ठेवणीला दोष देण्याची रीत त्यानंतर अनेक दशकं चालली. पुढच्या अभ्यासांत ठेवण आणि दुखणं यांचा संबंध फार कच्चा निघाला. झिजवलेलं इनॅमल मात्र परत येत नाही.

जुनाट दुखण्याबद्दल ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 2023 साली एका आंतरराष्ट्रीय गटाच्या शिफारशी आल्या. त्यांत भर होता तो मानसोपचारातल्या समुपदेशनावर, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालच्या व्यायामांवर आणि रुग्णाला नीट समजावून घरी करून घ्यायच्या व्यायामांवर. सांध्यातली चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला गटाचा ठाम विरोध होता. काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या, म्हणजे दातांवर बसवायच्या कवचाच्या, बाजूनेही तो नव्हता. माझं मत असं : झोपेत दात खाणाऱ्याचे दात वाचवायला स्प्लिंट जरूर लावावी, पण दुखणं बरं करण्याचं काम तिच्यावर सोपवू नये.

बहुतेकांचं दुखणं सांध्यापेक्षा चावायच्या स्नायूंत असतं, आणि त्या स्नायूंना दिवसा सुट्टीच मिळत नाही. स्क्रीनसमोर, गाडी चालवताना, मनात राग धरून बसलेले असताना आपण दात आवळून धरतो. एरवी ओठ मिटलेले असले तरी वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच लावा, दात आपोआप सुटे होतात. दिवसातून जितक्या वेळा आठवेल तितक्या वेळा हे करा. मला या एका सवयीचं मोल गोळ्यांपेक्षा जास्त वाटतं.

काही आठवडे मऊ भात, खिचडी, आमटीत कुस्करलेली भाकरी खा. ऊस, फुटाणे, कणीस, च्युइंगगम बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. गालावर दहा-पंधरा मिनिटं ओल्या गरम फडक्याने शेका. नुसता कटकट आवाज येत असेल, दुखत नसेल, तर उपचाराची गरज नाही. आवाज अचानक थांबला आणि तोंडही उघडेना, तर चकती अडकलेली असू शकते. मग थांबू नका. जिना चढताना जबडा दुखून घाम फुटत असेल, तर दंतवैद्य सोडा आणि थेट रुग्णालय गाठा, ते हृदयाचं दुखणं असू शकतं.

महाराष्ट्रात आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे : सुपारी खाता का? विदर्भातला खर्रा, मावा, पुडीतली सुगंधी सुपारी यांनी गालाच्या आतलं अस्तर पांढुरकं, ताठ होतं आणि तोंड हळूहळू मिटत जातं. तिखट झोंबू लागणं ही बहुधा पहिली खूण. हा सांध्याचा आजार नाही, आणि शेकून तो जात नाही. तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीने तो होतो आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, तरी असे तरुण रुग्ण येतच आहेत.

घरात कुणी सुपारी खात असेल, तर त्याला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. मावत नसतील, तर आजच सुपारी बंद करायला लावा आणि याच आठवड्यात त्याला दंतवैद्याकडे न्या. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.